इम्तियाजचं व्हय

इम्तियाज मुलाणीला लकवा आला तो फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, कासारवाडीतल्या त्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात. एका सोसायटीच्या गेटचं माप घेताना हातातला टेप गळून पडला, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला तो जे सांगत होता त्यातलं अर्धं वाक्य तोंडातच राहिलं. ते राहिलं ते राहिलंच. दोन महिन्यांत पाय सुधारला, काठी घेऊन चालता येऊ लागलं, उजव्या हाताची मूठही अर्धीमुर्धी वळू लागली. बोलणं मात्र आलं नाही. आला तो एकच शब्द. व्हय.

इम्तियाज तळेगाव दाभाड्याचा. त्याच्या घरी 'हो' असं कुणी म्हणतच नसे. म्हाताऱ्या आईपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे व्हय म्हणत. मुमताज लग्न होऊन आली तेव्हा तिला त्याचं हसू यायचं, कारण ती पिंपरीत वाढलेली, पालिकेच्या शाळेत शिकलेली. आता तोच शब्द घरात दिवसभर फिरत होता. चहा हवाय का, व्हय. पाय दुखतोय का, व्हय. आज मंगळवार का, व्हय. आज बुधवार का, त्यालाही व्हय. भूक नसली तरी व्हय, आणि मग पुढ्यातलं ताट तसंच. सुरुवातीला मुमताज हरखली होती, एक शब्द आलाय म्हणजे मागून बाकीचे येतील. एप्रिल गेला, मे गेला, जून गेला. मागून कुणी आलं नाही.

डॉक्टरांनी एकदा सहज म्हटलं होतं, की बोलणं जे काही परतायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात परततं, नंतर वेग कमी होतो. डॉक्टर बोलून गेले आणि मुमताजच्या डोक्यात ते वाक्य खिळ्यासारखं बसलं. चाकणला रबरी सील बनवणाऱ्या एका कंपनीत ती नऊ वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसली की ती मनातल्या मनात महिने मोजायची. सहा झाले. साडेसहा झाले. टेबलावर सील हातात घेऊन कडा तपासायची, ओके असेल तर डाव्या ट्रेमध्ये, नसेल तर उजव्या. आणि मध्येच हात थांबायचा. आत्ता घरी ते काही सांगायचा प्रयत्न करत असतील तर? मुलगी आलिया कॉलेजला गेलेली, जवळ कुणी नाही. ती जेवणाच्या सुट्टीत फोन लावायची. पलीकडून "व्हय" ऐकू आलं की जीव भांड्यात पडायचा, आणि फोन ठेवला की पुन्हा धाकधूक सुरू.

सप्टेंबरात इस्पितळात तपासणीला गेले तेव्हा रुपाली भेटली. ती वाचा-उपचार करणारी, तिशीतली, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय असलेली. तिनं सांगितलं, इथं एक संशोधन चाललंय. लकव्यानं बोलणं गेलेल्या माणसांच्या मेंदूचे दोन वेळा फोटो काढायचे, आधी आणि नंतर. मधल्या आठ आठवड्यांत रोज दोन तास बोलण्याचा सराव.

"रोज?" मुमताजनं विचारलं.

"रविवार सोडून रोज."

संशोधन चालवणारा जयदीप नावाचा तरुण डॉक्टर होता. त्यानं संगणकावर मेंदूचं चित्र दाखवलं. डाव्या बाजूला काळा डाग होता, पेरूची फोड कापून काढल्यासारखा.

"बोलण्याचं काम करणारा इथला भाग गेलाय," तो म्हणाला. "पण काही लोक हळूहळू परत बोलायला लागतात. मग ते काम कोण करतं? तुम्ही कंपनीत आहात ना, ताई? समजा मशीनवरचा माणूस गेला. तर शेजारच्या मशीनवाला त्याचं काम उचलतो, की पलीकडच्या शेडमधून माणूस आणावा लागतो? आम्हाला तेच बघायचंय. चित्र बघून नाव आठवताना मेंदूत रक्त कुठं धावतं, ते या मशीनमध्ये दिसतं."

"मग मशीननं ते बोलायला लागतील?"

"नाही, ताई. मशीन बरं करत नाही, नुसतं बघतं. सरावाचा उपयोग होईल का, तेही मी आत्ता सांगू शकत नाही. ते कळावं म्हणूनच हा अभ्यास."

मुमताजनं मान हलवली. ऐकलं सगळं, पण आत पोचले ते फक्त रोजचे दोन तास. आतापर्यंत आठवड्यातून अर्धा तास मिळत होता, तोही नंबर लागला तर.

"अर्ज भरू या?" रुपालीनं विचारलं. "आधी एक पेशंट आहेत. पाच मिनिटं बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर भोसरीच्या रंभाबाई बसल्या होत्या. त्यांची आणि मुमताजची इथंच ओळख झालेली. त्यांच्या मालकांचंही बोलणं गेलेलं. आज त्यांचा चेहरा पार उतरलेला होता.

"आमाला न्हाई घेत," त्या म्हणाल्या. "मालक लेथवर व्हते ना तीस वरीस. डोळ्यात लोखंडाचा कण हाय म्हणं. त्या मशीनीत लई मोठं लोहचुंबक आसतंय, कण वढला तर डोळा जाईल म्हणाले. फोटो न्हाई तर सराव बी न्हाई. आता कुटं न्यायचं सांगा?"

 मुमताजला एकोणीस वर्षांपूर्वीची दुपार आठवली. इम्तियाज ग्राइंडर चालवत होता, गॉगल खिळ्याला टांगलेला, आणि एकदम डावा डोळा धरून तो खाली बसला होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी डोळा धुतला, चिमट्यानं काहीतरी काढलं आणि म्हणाले, निघालं. मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाले होते. इम्तियाज गेला नाही. आलिया तेव्हा पोटात होती, मुमताजच्यानंही जोर लावणं झालं नाही. पुढं कित्येक वर्षं थंडीच्या दिवसांत सकाळी तो डोळा चोळत म्हणायचा, अजून टोचतंय आत. पण निघालं होतं ना. डॉक्टर स्वतःच म्हणाले होते, निघालं.

तेवढ्यात आतून हाक आली.

रुपाली विचारत गेली, मुमताज सांगत गेली. वय एक्कावन्न. शिक्षण नववी. धंदा?

"दुकान," मुमताज म्हणाली.

"कसलं?"

"हार्डवेअरचं म्हणा."

शेजारच्या खुर्चीवर इम्तियाज होता. त्यानं मान वळवून बायकोकडं बघितलं.

पुढं लांबलचक यादी. हृदयात पेसमेकर? नाही. हाडात सळई? नाही. कानात मशीन? नाही. डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?

"नाही," मुमताज म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच बाईचा वाटला.

"व्हय," इम्तियाज म्हणाला.

"व्हय व्हय, कळलं," मुमताज घाईनं त्याच्या हातावर थोपटत म्हणाली, आणि रुपालीकडं बघून कसनुसं हसली. "सगळ्यालाच व्हय म्हणतात."

रुपालीला ते ठाऊकच होतं. तिनं तिथं खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

पुढचे दहा दिवस मुमताजला धड जेवण गेलं नाही. नऊ वर्षांत तिच्या टेबलावरून एकही खराब सील ओके होऊन पुढं गेलं नव्हतं, सुपरवायझर नव्या पोरींना तिचं उदाहरण द्यायचा. आता तिनं नवऱ्याच्याच कागदावर खोटी खूण करवून घेतली होती. मग ती स्वतःलाच समजवायची. फेब्रुवारीत लकवा आला तेव्हा मशीनमध्ये घातलंच होतं की त्यांना. काही झालं? काहीच नाही. कण असता तर तेव्हाच कळलं असतं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पण कंपनीच्या बसमधून परत येताना मोशीच्या सिग्नलला गाडी अडकली की रंभाबाईंचे शब्द परत कानात यायचे. डोळा जाईल म्हणाले.

एकदा संध्याकाळी न राहवून तिनं दिराला, सरफराजला, फोन लावला. दुकान आता तोच बघत होता.

"त्यांच्या डोळ्यात कण गेला होता बघ, आलियाच्या वेळेला. तो पुरता निघाला होता ना रे?"

"भाभी, तेव्हाचं कुणाला आठवतंय," सरफराज म्हणाला. मागं कटरचा आवाज चालू होता. "निघाला असंल की. नसता तर बोलले नसते का भाईजान?"

बोलले नसते का. मुमताज फोन हातात धरून तशीच बसली. बोलतच होते ते. वर्षानुवर्षं बोलत होते, अजून टोचतंय म्हणून.

इकडं इम्तियाज उत्साहात होता. फोटोच्या आधी सरावासाठी त्याला दोनदा बोलावलं. लाकडाचं एक खोटं मशीन होतं, हुबेहूब खऱ्यासारखं. त्यात आडवं पडून न हलता आरशात चित्रं बघायची. छत्री, कुलूप, बकरी. नाव आलं तर बोलायचं, नाही तर नुसतं मनात धरायचं. प्रत्येक चित्राला त्याच्या तोंडून व्हय यायचं. मधूनमधून रुपाली हो-नाहीचे साधे प्रश्नही विचारायची, आणि सगळं रेकॉर्ड करायची. कुलपाच्या चित्राशी तो फार झगडला. ओठ दाबले, मान ताठली, कपाळावर घाम आला, आणि शेवटी आलं ते व्हयच. बाहेर आल्यावर त्यानं मुमताजकडं बघितलं तेव्हा डोळ्यांत चमक होती. शब्द अगदी दारापाशी येऊन गेला होता, हे त्याला कळलं होतं. मुमताजलाही कळलं. म्हणून तर तिचं तोंड अजूनच शिवलं गेलं.

फोटोच्या दिवशी तिनं सुट्टी टाकली. आलियाही बरोबर आली. ती फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होती. तळघरातला थंड कॉरिडॉर, शेवटी जाड दार, दारावर लाल दिवा. पूनम नावाची टेक्निशियन होती, चाळिशीची, चटपटीत आणि कडक. तिनं इम्तियाजच्या गळ्यातला ताईत काढायला लावला, पट्टा काढायला लावला, खिसे उलटे करायला लावले. त्याची काठी घेऊन लाकडाची दुसरी दिली.

"दार उघडायच्या आधी मी सगळं परत विचारते," ती म्हणाली. "कागदावर काहीही असलं तरी. काका, मी विचारीन, तुम्ही सांगा. तुमचं नाव सनी आहे का?"

"व्हय," इम्तियाज पटकन म्हणाला.

"आपण आत्ता चाकणला आहोत का?"

"व्हय."

पूनमनं मुमताजकडं बघून मान डोलावली. म्हणजे यांच्या उत्तरावर भरवसा नाही, हे तिनं मनाशी नोंदवलं. तरी नियमाप्रमाणे तिनं पुढं विचारलं, एकेक, त्याच्या डोळ्यांत बघून. पेसमेकर? व्हय. सळई? व्हय. दोन्ही वेळा तसंच, घाईघाईनं, सुटलेल्या नाण्यासारखं.

"काका, डोळ्यात कधी लोखंडाचा, धातूचा कण गेला होता का?"

इम्तियाज लगेच बोलला नाही. त्यानं डावा हात वर उचलला, गालापर्यंत आणला. मग मुमताजकडं बघितलं आणि हात तिथंच थांबवला.

"व्हय," तो म्हणाला.

हे व्हय वेगळं होतं. सावकाश, खाली उतरत गेलेलं, जड. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, माप पक्कं ना, आणि तो टेप मिटवत म्हणायचा, तसं. मुमताजनं वीस वर्षं ऐकलेलं व्हय होतं ते. त्या कॉरिडॉरमध्ये ते ओळखू शकणारं दुसरं कुणी नव्हतं.

"ताई?" पूनमनं विचारलं.

मुमताज मनात मोजत होती. रोजचे दोन तास. आठ आठवडे. सात महिने संपलेत, आठवा लागलाय.

"नाही," ती म्हणाली. "ते सगळ्यालाच..."

"ठीक," पूनम म्हणाली.

इम्तियाजनं नजर काढून घेतली. रागानं नाही, अगदी शांतपणे. आणि काठी टेकत पूनमच्या मागोमाग दाराकडं चालू लागला. तो वळून बघत नव्हता. आलिया हळूच म्हणाली, "अम्मी, अब्बूंनी डोळ्याला हात का लावला?"

"पूनमताई, फेब्रुवारीत पण घातलं होतं ना मशीनमध्ये," मुमताजनं मागून विचारलं. विचारल्याशिवाय राहवेना. "तेव्हा काही झालं नाही. मग आता पण..."

"ते सीटी स्कॅन, ताई," पूनम न थांबता म्हणाली. "त्यात लोहचुंबक नसतं." तिनं दाराच्या कडीला हात घातला.

"थांबा!" मुमताज ओरडली. आवाज भिंतींवर आपटून परत आला. "आत नका नेऊ त्यांना! कण आहे! गेला होता कण, डाव्या डोळ्यात, मी खोटं सांगितलं!"

पूनमनं कडी सोडली आणि आधी इम्तियाजच्या छातीवर आडवा हात धरून त्याला दोन पावलं मागं आणलं. मग ती वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, हे चुंबक कायम चालू असतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "फोटोपुरतं नाही. दारातून आत गेलं की झालं. डोळा गेला असता त्यांचा. आणि दार मी उघडणार होते. माझ्या हातांनी."



अर्ध्या तासानं डोळ्याचा एक्स-रे आला. जयदीपनं तो लावून दाखवला. कवटीच्या करड्या सावलीत, डाव्या खोबणीत, तिळाएवढा पांढरा ठिपका होता. एकोणीस वर्षं तिथंच बसलेला.

"म्हणजे त्यांनी बरोबर सांगितलं होतं," जयदीप स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "दोन्ही वेळा."

"सराव?" मुमताजनं विचारलं. विचारायची लाज वाटत होती, तरी विचारलं.

"फोटोशिवाय या अभ्यासात नाही घेता येत, ताई. माझ्या हातात असतं तर..." त्यानं एक्स-रे खाली उतरवला. "तुम्ही बोललात हे चांगलं केलंत. उशिरा, पण बोललात."

 रिक्षात इम्तियाज बाहेर बघत होता. घरी आल्यावर मुमताजनं विचारलं, "अहो, चहा ठेवू?"

उत्तर नाही.

दुपारी नाही, संध्याकाळी नाही. दुसऱ्या दिवशी आलियानं विचारलं, अब्बू, औषध घेतलं का. त्यानं गोळीचं रिकामं पाकीट दाखवलं, बोलला नाही.  एकच शब्द होता, तोही गेला? पुन्हा झटका तर नाही आला? मुमताजनं त्याला जीभ बाहेर काढायला लावली, दोन्ही हात वर करायला लावले, आरशापुढं उभं करून तोंड वाकडं झालंय का बघितलं. त्यानं सगळं करून दाखवलं. तोंड सरळ होतं. ओठ मिटलेले. इस्पितळात न्यावं, तर आता कुठल्या तोंडानं जायचं, असं तिला झालं. तरी तिनं ठरवलं, उद्या सकाळपर्यंत वाट बघायची आणि न्यायचंच. लाज गेली खड्ड्यात.

सकाळी रुपालीचाच फोन आला.

"मुमताजताई, मी काल सरावाची रेकॉर्डिंगं परत ऐकली," ती म्हणाली. "चौऱ्यांशी व्हय आहेत. आम्ही सगळी एकाच खान्यात टाकली होती. ती एक नाहीत. काही आखूड आहेत, वर जाणारी. ती नुसती सुटतात. आणि काही लांब, खाली येणारी. जिथं खरंच उत्तर हो होतं तिथं बहुतेक लांबच आहेत. पक्कं नाही म्हणत मी, चौऱ्यांशीवरून काही सिद्ध होत नाही. पण पूनम म्हणाली की दारापाशी तुम्हाला ते कळलं होतं. खरं का?"

 "ते दोन दिवस काहीच बोलत नाहीत," मुमताज म्हणाली. "व्हयसुद्धा नाही."

"चालताहेत? जेवताहेत? हात उचलताहेत?"

"हो."

"मग आज दाखवून घ्या, पण मला वाटतं ते रागावलेत," रुपाली म्हणाली. "मीही रागावलेय. दर बुधवारी दुपारी माझी साधी ओपीडी असते, अभ्यासाशी संबंध नाही. त्यांना घेऊन या. आठवड्यातून एकदाच मिळेल, रोज नाही. आणि घरी एक करा. प्रश्न विचारला की गप्प बसा. दहापर्यंत मोजा. त्यांच्या वतीनं उत्तर देऊ नका."

डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासलं. नवा झटका नव्हता.

संध्याकाळी आलिया शिकवणीला गेल्यावर मुमताज त्याच्यासमोर पाटावर बसली. सात महिन्यांत तिनं त्याला शेकडो प्रश्न विचारले होते आणि एकाचंही उत्तर थांबून ऐकलं नव्हतं, हे तिला फोन ठेवल्यापासून टोचत होतं.

"मी खोटं सांगितलं, ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" तिनं विचारलं, आणि मनात मोजू लागली. एक, दोन, तीन. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. सात. आठ.

"व्हय."

लांब. खाली उतरणारं. मुमताजच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही.

"तरी तुम्ही आत निघाला होता?"

या वेळी दहाच्या पुढं गेलं.

"व्हय."

"बोलायला यावं म्हणून?"

"व्हय."

"माझ्यावर राग आहे?"

तो तिच्याकडं बघत राहिला. गालाचा स्नायू हलला. मुमताजनं मोजणं सोडून दिलं.

"व्हय," तो म्हणाला. त्यात एवढं वजन होतं की तिला अंगावर काहीतरी टाकल्यासारखं वाटलं. आणि पाठोपाठ आतून कसलीशी गाठ सुटली. सात महिन्यांनी तिचा नवरा तिच्याशी भांडला होता.

"असू दे," ती म्हणाली. "असलाच पाहिजे."

बुधवारची ओपीडी सुरू झाली. पहिले पाच आठवडे काही घडलं नाही. मुमताजनं चाकणला बुधवारची शिफ्ट बदलून घेतली. डोळ्याच्या डॉक्टरांनी कण बघून सांगितलं, इतकी वर्षं गप्प बसलाय, त्रास नाही तोवर बसू दे, सहा महिन्यांनी दाखवत जा. आणि लोहचुंबकाच्या खोलीत कधी जाऊ नका. मुमताजनं ते कागदावर लिहून त्याच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात एकेक चिठ्ठी ठेवली. तरी बुधवारी इस्पितळात शिरलं की तळघराचा जिना मागं पडेपर्यंत ती त्याचा दंड सोडायची नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी इम्तियाजनं हट्ट धरला, दुकानात जायचं. हट्ट म्हणजे काठी घेऊन दाराशी उभा राहिला. तिथं सरफराज कुणाच्या तरी बंगल्याचं गेट जोडत होता. इम्तियाज समोर स्टुलावर बसून बघत होता. दुपारी मुमताज डबा घेऊन गेली आणि ताट कुठं मांडावं हे बघत नेमकी त्याच्या आणि गेटच्या मध्ये उभी राहिली.

"सरक."

मुमताजला वाटलं सरफराज बोलला. सरफराजला वाटलं मागं कुणी गिऱ्हाईक आलं. त्यानं वेल्डिंग थांबवलं, काच वर केली.

"कोण बोललं?"

इम्तियाज वैतागला होता. त्याचं बायकोकडं लक्षच नव्हतं. डाव्या हातानं तो गेटच्या वरच्या बिजागरीकडं बोट दाखवत होता, आणि मान वाकडी करून मुमताजच्या कमरेपलीकडं बघायचा प्रयत्न करत होता.

"सरक," तो परत म्हणाला.

मुमताज सरकली. डबा हातात तसाच. सरफराजनं बिजागरीला ओळंबा लावला. ती सूतभर बाहेर होती. "भाईजान," तो म्हणाला. त्यानं बिजागरी कापून परत लावली. इम्तियाज ती बरोबर बसेपर्यंत जेवायला उठला नाही.

ते ऐकून रुपालीनं बुधवारचा सगळा सरावच बदलला. छत्री, बकरी बाजूला ठेवून दुकानातलीच चित्रं आणली. जानेवारी संपेपर्यंत त्याच्याकडं चौदा शब्द झाले. सरक, धर, माप, वाकडं, बास. आलियाला तो अलिया म्हणायचा, शब्दाच्या सुरुवातीचा आ जमत नव्हता. मुमताजचं नाव अजून आलं नव्हतं. रुपाली म्हणाली, माप म्हणताना म येतोय, नावही यायला हवं, पण सांगता येत नाही. जयदीपचा अभ्यास दुसऱ्या माणसांवर चालू होता; कधी कॉरिडॉरमध्ये भेटला की तो इम्तियाजला मुद्दाम काहीतरी विचारायचा आणि हात मागं बांधून उत्तराची वाट बघत उभा राहायचा.

फेब्रुवारी आला. वर्ष पुरं झालं. त्या सोमवारी मुमताजला कामावर काही सुचेना. वेग कमी होतो, वेग कमी होतो, एवढंच डोक्यात घुमत होतं. बुधवारी ती रुपालीच्या दाराबाहेर बाकावर बसली होती. दार अर्धवट लोटलेलं. आतून रुपालीचा आवाज आला, "इम्तियाजभाई, हे काय आहे?"

मग काहीच नाही. खुर्ची करकरली. एक उसासा ऐकू आला, जिभेची धडपड ऐकू आली. मुमताजला चित्र दिसत नव्हतं, शब्द माहीत नव्हता, तरी तो त्याच्या आधी तिच्याच ओठांवर येऊ बघत होता. तिनं बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि उठली नाही.

आत शांतता लांबत चालली.